कातळावरची पांढरी गौर

शेवा, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५४

सोने,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी पावसापाण्याच्या आणि शेवटी एक नीराची, तीही पोस्टमन दारात खोळंबल्यासारखी. "नीरा बरी आहे, जरा वाळली आहे." वाळायला ती काय बोंबील आहे? सतरा वर्षांची नात माझी. आपण दोघी मावसबहिणी पंतोजींच्या ओट्यावर दुसरीपर्यंत बसलो त्याचं काही तरी चीज कर. तू तिच्या सासरच्या समोर राहतेस. तुझ्याशिवाय आमचं तिकडं कोणी नाही. नीट बघ आणि नीट लिही.

इकडं वाईट झालं. आमचा कातळ फोडला. मुंबईला समुद्र बुजवायला दगड हवा, म्हणून कंत्राटदारानं सुरुंग लावले आणि मचव्यांत भरून नेला. आमची गौर ज्यावर उगवायची तोच कातळ. गावातल्या सगळ्यांची गौर तांबड्या तेरड्याची, आमच्या एका घरची पांढऱ्याची. ती आपल्याच कातळावर बियानं उगवलेली लागते आणि घरच्या लेकीनं मुळासकट उपटलेली लागते. मुळं म्हणजे गौरीची पावलं. बाजारातली कापलेली जुडी आणली तर देवी लंगडी यायची. म्हणूनच नीराच्या लग्नात पंचांसमोर ठरलं होतं की दर गौरीला पोर माहेरी येईल. तिची सासू येसूबाई दुसऱ्या कशाला भीत नाही, गौरीला भिते. पोर आजवर आली ती फक्त गौरीला. दिवाळीला सोडली नाही, आई तापानं फणफणली तेव्हाही नाही.

सुरुंग लागायच्या आधी मी बी धरलं. तेरड्याचं बोंड हात लावताच फुटतं, खाली पदर धरून काढावं लागतं. काकडीचं बी ठेवतो तसं शेणात कालवलं आणि मागच्या भिंतीला थापलं. शेणात कीड शिरत नाही. पावसाच्या तोंडावर परसातल्या कातळाच्या भेगांत पेरीन. तोही कातळ आपलाच आहे, देवीला नाव ठेवायला जागा नाही.

कातळ फुटल्याचं तिकडं बोलू नकोस.

आवडा


म्हसळा, पौष शुद्ध दशमी

आवडाबायस सोनीचा नमस्कार.

मी बोलले नव्हते. पण उरणकडचा मीठवाला इथं आला आणि त्यानं सगळं सांगितलं. येसूबाई विहिरीवर चार जणींत म्हणाली, "कातळ ग्येला, गौर ग्येली. आता कसलं म्हायेर? आमच्या घरी गौर न्हाय का?" आणि हसली. नीरा तिथंच कळशी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

तू नीट लिही म्हणालीस म्हणून लिहिते. तिच्या उजव्या दंडाला फडकं बांधलेलं आहे. आधण सांडलं म्हणते. आधण सांडलं तर पायावर सांडतं, बाय, दंडावर कसं सांडेल? जेवायला तिला सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर. मी परड्यातून एखादी भाकरी देते, ती उभ्यानंच खाते.

आणखी एक आहे. आपल्या जावयाची, काळूरामची, पहिली बायको विहिरीत गेली हे तुम्हाला लग्नानंतर कळलं; तेव्हा मी तोंड उघडलं नाही. ती गेली त्याच्या आधीच तुमच्याकडं नीराची बोलणी लागली होती, हे मला आत्ता कळलं. तिला मूल नव्हतं. नीरालाही नाही. आणि येसूबाई परवा श्रीवर्धनकडं एक मुलगी बघून आली. पुढच्या दिवाळीनंतर उरकू म्हणतात.

आमच्या घरात हे काढायची सोय नाही. हे काळूरामचे चुलते, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी एकदा विषय काढला तर ताटावरून उठून बैलांना पाणी पाजायला गेले. असा माणूस. उभा जन्म मी भिंतीशी बोलले.

तू काही कर.

सोनी


शेवा, फाल्गुन वद्य प्रतिपदा

सोने,

बी जळलं.

शिमग्याला घराघरातून होळीसाठी शेणी देतात. गावचे लोक मागल्या दारी आले. मी देवळात नैवेद्य घेऊन गेले होते. नीराची आई, माझी सून गोदू, तिनं भिंतीवरच्या चांगल्या वाळलेल्या शेणी खरवडून दिल्या. देवाला द्यायच्या तर चांगल्याच द्याव्यात. त्यांत बियाच्या होत्या. ओळखायला मी त्यांवर बोटं उमटवली होती, पण ते मलाच ठाऊक. सांगायला हवं होतं असं आता कोणीही म्हणेल. घरातली बाई होळीला शेणी देणार हे काय कोणाला सांगावं लागतं?

मी होळीला नारळ वाहिला. पेटत्या होळीला नमस्कार घातला. माझंच बी जळत होतं आणि मी हात जोडून उभी.

सकाळी भिंत बघितली. राख सुपानं पाखडली. तेरड्याचं बी ते केवढं, राखेत काय राहणार? गोदू शेजारी बसून म्हणत होती, "म्या माज्या हातानं दिली, आत्याबाई. म्या माज्या हातानं." मी पाखडत राहिले.

सदूला तुझं पत्र वाचून दाखवलं. बाप ना तो? म्हणतो, दिलेल्या पोरीच्या संसारात आपण किती पडायचं? माझ्या पोटी आला तेव्हा पाठीचा कणा आतच विसरून आला.

नीराला बियाचं सांगू नकोस.

आवडा


म्हसळा, चैत्र शुद्ध तृतीया

आवडाबाय,

हे पत्र मिळताच ये.

नीरा विहिरीत पडली. जिवंत आहे. पायऱ्यांच्या खोबणीला तिनं धरून ठेवलं आणि आम्ही दोघीतिघींनी लुगडं सोडून वर ओढली. येसूबाई सगळ्यांना सांगते, पाय घसरला. ओलं लुगडं बदलायला मी तिला आमच्या न्हाणीत नेलं तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "सोनाआजी, पाय घसरला न्हाय." एवढंच. मग म्हणाली, "आजीला इचार, गौर येईल ना?"

आता ती पाण्याला निघाली की मीही कळशी घेऊन निघते. घरात पाणी भरलेलं असलं तर ओतून देते आणि निघते. मला दुसरं काही येत नाही.

सोनी


शेवा, वैशाख शुद्ध अष्टमी

सोने,

मी आले, काय झालं ते तू ओटीवरून पाहिलंस. पण माजघरात काय बोलणं झालं ते तुला ऐकू गेलं नसेल. काळूरामनं पोरीला आत कोंडली. पोलीस पाटील त्यांचाच भाऊबंद. तो म्हणाला, म्हातारे, दुसऱ्याची बायको पळवून नेलीस तर सदूला बेड्या पडतील. सदू माझ्या शेजारीच बसला होता. बेड्यांचं नाव निघताच तो पाण्याचा तांब्या खाली ठेवून मागं सरकला.

तेव्हा येसूबाई म्हणाली, "गौर येऊ द्या. पांढरी, तुमच्या कातळावरची, मुळासकट. मंग न्या पोरीला. देवीला म्या न्हाय आडवणार." हसत म्हणाली. पण शेजारच्या चार बायका दारात होत्या. बोलली ते बोलली. एवढी एकच फट आहे, सोने, बाकी भिंत.

म्हणून मी माती वाहते. सुरुंग लावायच्या आधी कंत्राटदाराच्या माणसांनी कातळावरची माती खरवडून खाडीच्या बांधावर लोटली होती. त्या मातीत वर्षानुवर्षं गळलेलं बी असणार. बांधाला उधाणाचं पाणी लागतं, तळची माती मिठानं पांढरी फटक पडली आहे, ती मेली. वरची घेते. मी आणि गोदू. ती पाटी उचलते आणि बोलत नाही, मी पाटी उचलते आणि बोलते. मिठागराचा मुकादम म्हणाला, "आज्जे, मीठ चोरतीस तर समजलो आसतो. माती कशाला?" म्हटलं, "तुज्या तोंडात घालायला."

परसातला कातळ तापून तव्यासारखा झाला आहे. भेगांत माती दाबते, वर पालापाचोळा, वर दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून. पाणी घालत नाही. तेरड्याला उन्हाळा भाजून निघावा लागतो, लाड केले की कुजतो. गोदू चोरून तांब्याभर पाणी घालायला गेली, तिचा हात धरला. म्हणते, "तहान लागली आसंल त्याला." मी म्हटलं, ते तुझं लेकरू नाही.

मग मला माझंच बोलणं लागलं. असो.

आवडा


म्हसळा, आषाढ शुद्ध द्वितीया

आवडाबाय,

कातळावर काय आलं ते कळव. नीरा रोज विचारते. रोज. पूर्वी ती नुसतं बघायची, आता तोंडानं विचारते, यावरून मला जास्त भीती वाटते. परवा म्हणाली, गौर नाही आली तर मी विहिरीवर एकटीच जाईन, तू कळशी घेऊन येऊ नकोस. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

काळूराम म्हणतो, म्हातारी गौर कुठूनही उपटून आणेल आणि कातळावर खोचेल. म्हणून श्रावणाअखेर माणूस पाठवून बघायचं ठरलंय. आमच्या घरच्यांना पाठवणार. का, तर हे खोटं बोलत नाहीत. बाय, ते खरंच बोलत नाहीत. बैल विकायला नेला आणि लंगडतो असं स्वतःच सांगून परत आणला. यांच्याकडून आशा धरू नकोस. मी यांना ओळखते.

सोनी


शेवा, श्रावण वद्य दशमी

सोने,

हे पत्र पोचेल तेव्हा तुझा नवरा इथून परत फिरलेला असेल. म्हणून लिहिते. नाही तर लिहिलं नसतं.

तेरडा आला. पावसाच्या पहिल्या आठवड्यात गवत, मग कुर्डू, मग तेरडा, भेगाभेगांतून. गोदू हसली. शिमग्यानंतर पहिल्यांदा. पण फुलाच्या आधी देठ बोलतो, सोने. पांढऱ्याचा देठ हिरवागार असतो, तांबड्याचा सांध्यांशी लाल. आमच्या कातळाच्या कडेला तांबडाही उगवायचा, त्याचंही बी मातीत आलं. मी रोज कातळावर उकिडवी बसून देठ बघते. सगळे लाल. एक हिरवा. त्या एकावर मी जुनी छत्री धरून बसले, गोगलगाई वेचल्या, रात्रीची त्याच्यावर धरायला फडकं घेऊन गेले. गाव हसतं तर हसू दे.

यंदा गौरी लवकर, मघांचा पाऊस चालू असतानाच. फूल येतं की नाही यातच जीव. आणि आज सकाळी आलं. गुलाबी.

तांबडं आलं असतं तर म्हटलं असतं, देठ बघण्यात चुकले. हे तसं नाही. नवं लुगडं पहिल्यांदा धुताना पाण्यात रंग उतरतो, तसं. कुठल्या तरी भुंग्यानं तांबड्या फुलातली पूड पांढऱ्यावर नेली असणार. पांढऱ्याचं बी पांढरंच येईल असं मीच धरून चालले होते.

मी चुना लावून पाहिला. काडीनं, पानाला लावतो तसा. पाकळी करपून तपकिरी झाली. दुसऱ्या फुलाला लावला. तेही करपलं. तिसरं फूल ठेवलं आहे.

काळूरामला मी आधीच लिहून बसले आहे की पांढरी गौर उभी आहे. तुझा अंबाजी उद्या येईल, बघेल आणि जे दिसलं ते जाऊन सांगेल. मला सत्तर वर्षांत देवाकडं काही मागायची सवय लागली नाही, आता कशी लागावी? तू कळशी सोडू नकोस.

आवडा


म्हसळा, भाद्रपद वद्य तृतीया

आवडाबाय,

नीरा तुझ्याकडं आहे, माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण माझंच घर बसलं आहे.

हे तुझ्याकडून परत आले ते भिजलेलेच येसूबाईच्या ओटीवर गेले आणि म्हणाले, "पांढरी हाय. कातळावर हुबी हाय." येसूबाईनं गौरीची शपथ घे म्हटलं. यांनी घेतली. मग तिचं काही चाललं नाही. सदू न्यायला आला तेव्हा पोरीला नेसत्या वस्त्रानिशी धाडली.

विसर्जनानंतर काळूराम बायकोला आणायला गेला आणि एकटाच परत आला. इथं चावडीत सगळ्यांसमोर ओरडला, गौर गुलाबी होती, शेव्यात पोरंसोरंही सांगतात, म्हातारीनं फसवलं आणि काकानं देवीची खोटी शपथ घेतली. सगळे यांच्याकडं बघायला लागले. हे म्हणाले, "मला पांढरी दिसली. माजे डोळे ग्येले आसतील."

आणि खरंच गेलेत, बाय. वैशाखात खाडीत मचवा दिसला की शिडाच्या ठिगळावरून कोणाचा ते सांगायचे. आता दाराच्या चौकटीला कपाळ आपटतात. वासराच्या डोणीत पाय घालतात. काल काळूरामलाच वाटेत "कोण, शिवदास का?" म्हणाले. रात्री ताटात मांदेली वाढली तर म्हणाले, काटे काढून दे, दिसत नाहीत. लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

भातं निसवायला आली आहेत. आंधळा माणूस कापणी कशी करणार? मला खरं सांग, कातळावर काय फूल होतं? तू पत्रात लिहिलं होतंस ते मी वाचलं, पण यांनी तर शपथ घेतली. यांनी देवीची खोटी शपथ घेतली असेल तर तिनंच डोळे नेले. काय नवस बोलू ते कळव. मी सांगशील ते करीन.

सोनी


शेवा, भाद्रपद अमावास्या

सोने,

वाच आणि चुलीत घाल.

तुझ्या नवऱ्याचे डोळे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत. इथं आला त्या दिवशी गोदूच्या टाचेतला बाभळीचा काटा त्यानं सुईनं काढला, ढग इतके दाटले होते की मला सुईसुद्धा दिसत नव्हती.

मग कातळावर गेला. फुलापाशी बसला. करपलेल्या पाकळ्या बघून म्हणाला, "ह्यांना काय झालं?" मी म्हटलं, चुना लावला. "कशापायी?" मी चार महिने माती वाहून, रोप राखून थकले होते, खोटं रचायची ताकद उरली नव्हती. म्हटलं, पांढरं दिसावं म्हणून. तू गुलाबी सांगितलंस तर ती पोर दिवाळीच्या आत विहिरीत जाईल. तू समोर राहतोस, तुला दिसत नाही का?

"दिसतं," म्हणाला. बराच वेळ पाऊस अंगावर घेत बसला. मग म्हणाला, "पयलीच्या येळी बी दिसलं हुतं."

मी छत्री त्याच्या डोक्यावर धरली.

उठताना म्हणाला, "आवडाबाय, मला मोतीबिंदू झालाय. मला सगळं पांढरंच दिसतं." आणि कुंपणाची एक काठी उपटून, चाचपत चाचपत, पाय टाकून बघत कातळ उतरला. मला वाटलं थट्टा करतो. वळणापर्यंत तसाच गेला. सराव करत होता.

काळूराम आला तेव्हा अंगणात गावच्या बायका बसल्या होत्या. मी नीराला मधोमध बसवलं होतं, चोळीच्या बाह्या वर सारून. मला काही बोलावं लागलं नाही, बायका बघतात. तो आत यायला लागला तर एकीनंही पाय आवरून वाट दिली नाही. मी म्हटलं, जावईबापू, तुमच्या विहिरीला शेवाळ फार. ते काढा, मग पोरीचं बघू. कोर्टाचं नाव घेत गेला. घेऊ दे. सदू ओटीवर उभा होता. या वेळी मागं सरकला नाही.

नीरा झोपते. जेवते, पुन्हा झोपते. झोपेत दंड धरून ठेवते. गोदू तिच्या उशाशी बसून असते, मी ओरडले तरी उठत नाही. उपटताना पोरीनं रंग बघितला, काही म्हणाली नाही, मुळं तेवढी नीट सोडवली, एक तुटू दिलं नाही.

देवी रागावेल म्हणतेस. आपल्या कातळावर उगवली, लेकीच्या हातानं आली, पावलांनिशी आली. रंगाचं मी तिच्याशी बघून घेईन. मला तिकडं जायला आता फार दिवस नाहीत. तू नवसबिवस बोलू नकोस.

पण एक ध्यानात धर. डोळे गेले असं तो भर चावडीत बोलून बसला आहे. आता तो जन्मभर आंधळा. खाडीत कोणाचा मचवा आला ते तो पुन्हा कोणाला सांगणार नाही. कापणीला माणूस लाव, आणि तुला कळलं आहे हे त्याला कळू देऊ नकोस. ताटात मासा वाढलास की काटे काढून देत जा. तोंड वाकडं न करता. दार लावलेलं असलं, घरात तुम्ही दोघंच असलात, तरी काढून देत जा.

आवडा